त्याला धरून

डावा गाल बधिर झाला होता, जीभ कुणा दुसऱ्याची आणून आपल्या तोंडात ठेवल्यासारखी पडून होती, आणि हिरडीशी कापसाचा बोळा दाबून दंतवैद्य आतल्या खोलीत फोन घ्यायला गेला होता, तेव्हा मुद्रितशोधकाने ते ऐकलं. ऐकायचं म्हणून ऐकलं नाही. मागे कलंडलेल्या खुर्चीत माणसाला करायला दुसरं काही नसतं. छतावरच्या ओलीच्या डागातून एखादा प्राणी शोधायचा, आणि कान उघडेच असतात म्हणून ऐकायचं. "नाही रे," दंतवैद्य म्हणत होता, "आता त्याच्यात पूर्वीचा जोर राहिलेला नाही." मग पलीकडचं ऐकण्यापुरती शांतता. "मागल्या खेपेला बघितलंस ना? मध्येच थांबतो, मध्येच दिसेनासाच होतो. आवाज तरी कुठे उरलाय? तोंडातल्या तोंडात पुटपुटतो नुसता." पुन्हा शांतता, आणि मग हसणं. "ते खरं, पण म्हणून त्याला सोडून कसं जायचं? छे. त्याला धरूनच चालू आपण. खाली पोचेपर्यंत सोडायचं नाही." फोन ठेवल्याचा आवाज आला. दंतवैद्य हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "तुझा मेहुणा होता. रविवारचं ठरवत होतो. येतोयस ना?" मुद्रितशोधकाने काहीतरी म्हटलं. तोंडातून फक्त एक ओलसर "ओं" बाहेर पडला. "बोलू नकोस, जीभ चावशील," असं म्हणून त्याच्या जुन्या मित्राने यंत्र सुरू केलं, आणि मग बराच वेळ डोक्यात त्या यंत्राच्या घुरघुरीशिवाय काही नव्हतं. तेवढंच बरं.

बाहेर पडल्यावर तो घरी जाणारी बस सोडून चालत निघाला. दुकानांच्या काचांमधून एक वाकडा गाल त्याच्याबरोबर चालत होता. हळूहळू गालात मुंग्या आल्या, मग ओठ आपला झाला, मग जीभ. ते वाक्य मात्र बधिर व्हायला तयार नव्हतं. त्याचा सगळा जन्म छापखान्याच्या मागच्या खोलीत, लोकांची वाक्यं तपासण्यात गेला होता. कुणाची वेलांटी चुकली, कुणाचं क्रियापद कर्त्याला सोडून भलत्याच्याच गळ्यात पडलं, हे त्याला वाचता वाचता टोचायचं, चपलेत खडा टोचावा तसं. आणि एका गोष्टीवर तर त्याचं फारच लक्ष असे. कुठे नुसता 'तो' दिसला आणि तो नेमका कुणाला लागतो हे स्पष्ट नसलं, की तो समासात लाल पेन्सिलीने लिहायचा : कोण? मोठमोठ्या लेखकांना त्याने हा प्रश्न विचारला होता. तोंडी नाही, तोंडी विचारायची छाती नव्हती, समासात. छापखान्यातली नवी मुलं त्याला पाठीमागे 'कोणकाका' म्हणतात हे त्याला ठाऊक होतं, आणि मनातून ते थोडं आवडतही होतं. पण आता रस्त्याने जाताना त्याला 'कोण?' विचारावंसं वाटलं नाही. विचारायचं काय त्यात? जोर राहिला नाही कुणात? पुटपुटतं कोण? मागल्या शरदात चढावर कोण थांबत होतं, आणि एका झाडाची साल बघता बघता कोण इतकं मागे पडलं होतं की बाकीच्यांना हाका मारत परत यावं लागलं होतं?

दर वर्षी, पानं रंग बदलू लागली की एक रविवार ते चौघं डोंगरात जात. दंतवैद्य, ज्याला सगळे कप्तान म्हणत, कारण तो शाळेपासून हुकूम सोडत आला होता आणि ते हुकूम शाळेपासूनच कुणी पाळले नव्हते; बाई, त्याच वर्गातली, जिने पुढे आयुष्यभर भूगोल शिकवला; घड्याळं दुरुस्त करणारा मेहुणा, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, जो एकदा सहज म्हणून आला आणि मग कायमचा चिकटला; आणि तो. बायको कधी येत नसे. "दुरून डोंगर साजरे," ती म्हणायची, "मी दुरूनच बघते, म्हणजे ते साजरे राहतील." त्या रात्री जेवताना तिने विचारलं, "दात दुखतोय का?" "नाही." "मग काय दुखतंय?" त्याने पाण्याचा पेला उचलला. शब्द त्याने आतल्या आत कितीदा उलटा-पालटा करून पाहिला होता. धरून. तुला धरून चौघं, म्हणजे तुला जमेत घेऊन. अमुक धरून चालू, म्हणजे तसं समजून चालू. क्षणभर त्याने मनाची समजूत घातली, की कप्तानाला एवढंच म्हणायचं असेल : तो येणार असं धरून चालू. पण 'खाली पोचेपर्यंत सोडायचं नाही' हे त्या अर्थात बसेना. ते हातालाच धरणं होतं. आणि हाताला धरणं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. वडिलांच्या अखेरच्या काळात तो त्यांना दंडाला धरून जिना उतरवायचा, आणि जिन्याच्या वळणावर एकदा वडील थांबून, त्याच्याकडे न बघता म्हणाले होते, "मी काय पिशवी आहे का रे?" त्याने हात काढला नव्हता. काढता आलाच नसता, ते पडले असते. पण तेव्हापासून त्याला ठाऊक झालं होतं की माणूस मित्र असतो, बाप असतो, नवरा असतो, आणि मग एक दिवस जिन्याच्या वळणावर पिशवी होतो.

तेव्हा त्याने ठरवलं. यंदा जायचं, स्वतःच्या पायांनी जायचं, कुणाला हात पुढे करायची वेळ येऊ द्यायची नाही; आणि दुपारी जेवायला बसले की हसतखेळत सांगून टाकायचं, पुढच्या वर्षी मला धरू नका. त्यांनी काढून टाकण्याआधी आपणच निघालेलं बरं. हे ठरवल्यावर त्याला झोप लागली, पण ती शहाण्या माणसाची नव्हती. सहलीच्या आदल्या रात्री पोराला लागते तशी होती, आणि याचंही त्याला थोडं वाईट वाटलं.

शेवटच्या थांब्यावर बस त्यांना सोडून वळली आणि धूर विरताच जंगलाचा वास आला : ओली माती, सुकं पान, आणि कुठेतरी कुजत चाललेलं फळ. "चला, रांगेत," कप्तान म्हणाला. "कुठल्या दिशेला?" बाईने विचारलं. "भूगोल तू शिकवलास." "नकाशावरचा शिकवला. नकाशात झाडं आडवी येत नाहीत." तेवढ्यात मेहुण्याने पुढे होऊन म्हटलं, "भाऊजी, तुमची पिशवी द्या माझ्याकडे." पिशवी! "नको," तो म्हणाला, स्वतःलाच अनोळखी वाटेल अशा आवाजात, आणि कुणाची वाट न बघता चढाला लागला.

तो पुढे होता. पुढे असण्याची त्याला मुळी सवयच नव्हती. शाळेपासून तो रांगेच्या शेपटाला असायचा. पुढच्यांच्या पाठी, पुढच्यांच्या टाचा, एवढंच त्याला वाटेचं ज्ञान. आता समोर कुणाची पाठ नव्हती. वाट होती, आणि वाटेवर पडलेली पानं, कुणीच न तुडवलेली; तांबूस, पिवळी, काही अजून एका बाजूने हिरवी, जणू अर्धवट तपासून ठेवलेली. पावलाखाली ती वाजत. सुरुवातीला त्याचं सगळं लक्ष मागे होतं. मागे पावलं जवळ आली की त्याला वाटे, हे आले धरायला, आणि तो वेग वाढवी. बाईने हाक मारली, "अरे, हळू!" हळू म्हणे. पडेल म्हणून. एका वळणावर कप्तान ओरडला, "थांब जरा, इथून देखावा छान आहे!" त्याला कळला तो देखावा, मला दम घ्यायला लावायचा, आणि तोही माझ्या लक्षात येऊ न देता. मित्र फार सभ्य होते. त्यांच्या सभ्यपणाचा त्याला राग आला आणि त्या रागाने पाय आणखी पुढे नेले. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती, कानात रक्त ठोके देत होतं, आणि मग, जिथे त्याला वाटलं होतं की आता काहीतरी तुटेल, तिथे काहीच तुटलं नाही. श्वासाला आपली लय सापडली. गुडघे कुरकुरत का होईना, कामावर आले होते. वरून उन्हाचे तुकडे पडत होते आणि तो त्या तुकड्यांतून जात होता, उजेड, सावली, उजेड. पापण्यांना ते आलटून पालटून गरम आणि गार लागत होतं. एक पान गिरक्या घेत आलं आणि त्याच्या खांद्यावर बसलं. त्याने ते झटकलं नाही. आपण आज मनातल्या मनात निरोप घेत आहोत, तेव्हा दुःखी असायला हवं, असं त्याने स्वतःला बजावून पाहिलं. पण दुःखाचं घोडं काही केल्या पुढे सरकेना. बायकोशी लग्न ठरलं त्या दिवशी तो असाच कचेरीतून घरापर्यंत चालत आला होता, पावसाने भिजलेल्या रस्त्यावरून, आणि दिव्याच्या प्रत्येक खांबाला त्याने हात लावला होता. कुणी बघत नाही ना अशी खात्री करून, पण एकही खांब न सोडता. ते त्याला इतक्या वर्षांनी आठवलं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि वाटेवरच्या एका झाडाला हात लावला. मग पुढच्याला.

जंगल संपलं ते दार उघडावं तसं. समोर कुरण पसरलं होतं, डोंगराच्या पाठीवर सतरंजी टाकावी तसं, आणि गवत पिकून सोनेरी झालं होतं, कमरेपर्यंत. वारा आला की ते सगळं एका अंगावर कलायचं, पुन्हा उठायचं. पलीकडे एक उघडा कडा होता. लांब कुठेतरी गुराच्या गळ्यातली घंटा वाजत होती, पण गुरं दिसत नव्हती. तो उभा राहिला. इतकं आकाश एकदम बघायची डोळ्यांना सवय नव्हती; त्याचे डोळे ओळीवरून ओळीवर जायला शिकलेले, त्यांना हे पान कुठून वाचायला घ्यावं ते कळेना. मग तो गवतात शिरला, आणि मध्यावर जाऊन, ठरवलं नसताना, उताणा पडला. गवत त्याच्यावर मिटलं. आता सगळ्या बाजूंनी देठ होते, वर निळा तुकडा, आणि कानाशी एक किडा आपलं काम करत होता. आपण आत्ता कुणालाच दिसत नाही. मध्येच दिसेनासा होतो, ते वाक्य आलंच. पण इथे, पाठीखाली उबदार जमीन असताना, त्याची धार बोथट झाली होती.

"गेला कुठे हा?" कप्तानाचा आवाज. "आत्ता तर इथे होता." "भाऊजी!" "अरे कोणकाका!" ही बाई; ते नाव त्यानेच एकदा तिला सांगितलं होतं. तो उठून बसला. तिघं कुरणाच्या कडेला उभे होते, लाल चेहऱ्यांनी, आणि त्याला बघताच कप्तान जिथे होता तिथेच मटकन खाली बसला.

जेवण तिथेच झालं. पाव, उकडलेली अंडी, सफरचंदं, थर्मासमधला चहा ज्याला थर्मासचीच चव जास्त होती. बाईने बूट काढून पाय गवतात पसरले. कप्तान सफरचंद चाकूने कापून खात होता. "आयुष्यभर लोकांना सांगितलं दातांनी खा, आता माझेच दात माझ्याच ओठांचं ऐकत नाहीत," म्हणाला. सगळे हसले. हीच वेळ होती. मेहुणा मुद्रितशोधकाच्या शेजारी सरकून बसला होता. त्याने खिशातून घड्याळाच्या कामाचा बारीक चिमटा काढला होता, भाऊजींची बाही हातात घेतली होती, आणि स्वेटरमध्ये रुतलेली कुसळं तो एकेक करून वेचत होता, डोळे बारीक करून, एखाद्या जुन्या घड्याळाच्या आत बघावं तसा.

"मी म्हणत होतो," मुद्रितशोधक म्हणाला, "पुढच्या वर्षी मला धरू नका."

"आत्ता तरी धरू द्या," मेहुणा मान वर न करता म्हणाला. "हात हलवलात की कुसळ आत मोडतं."

"तसं नाही. मी म्हणतो, पुढच्या वर्षापासून—"

"पुढच्या वर्षी दुसरा स्वेटर घाला भाऊजी. हा लोकरीचा आहे, सगळं ओढून घेतो."

"अंडं उरलंय एक," बाई म्हणाली. "कोण घेणार?"

अंडं कप्तानाने घेतलं. वेळ निघून गेली. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य कुसळाबरोबर गवतात पडलं आणि कुणी उचललं नाही, याचा त्याला विषाद वाटायला हवा होता. पण मेहुण्याच्या बोटांची ऊब बाहीतून लागत होती, आणि त्या धरण्यात पिशवी धरल्यासारखं काही नव्हतं. ते त्याला नीट उमगेना. उतरताना सांगू, त्याने ठरवलं. खाली पोचायच्या आत सांगायचंच.

उतार दुसऱ्या बाजूने होता, पुन्हा झाडांतून. इथे वाट पानांनी पार बुजली होती आणि चौघंही एकमेकांवर हुकूम सोडत, घसरत, झाडांची खोडं पकडत उतरत होते. एकेका वळणावर त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कप्तान आता पुढे होता. एकाएकी तो थांबला, कमरेवर हात ठेवले आणि समोरच्या दगडांकडे बोट दाखवून मेहुण्याला म्हणाला, "बघ! फोनवर काय म्हटलं होतं मी? जोर राहिलेला नाही त्याच्यात."

दगडांमधून पाणी चाललं होतं. ओढा होता तो, किंवा उन्हाळ्यापासून ओढ्याचं जे काही शिल्लक होतं ते; एक बारीक धार, दगडाला वळसा घालून पुढे होणारी, पानांच्या ढिगाखाली शिरून नाहीशी होणारी, आणि चार हातांवर पुन्हा वर येणारी. आवाज म्हणावा तर आवाज नव्हता. पुटपुट होती.

"दिसेनासाच होतो हो मध्ये," मेहुणा म्हणाला.

"होऊ दे. वाट बुजलीये, याला सोडून गेलो तर भलत्याच दरीत उतरू. याला धरूनच चालू. थेट रस्त्याला लागेपर्यंत."

मुद्रितशोधक उभा होता. आत कुठेतरी एक लाल पेन्सिल, इतके दिवस खाली पडलेली, उचलली गेली आणि समासात आली. कोण? ओढा. ओढा धरून, नदी धरून, काठ धरून. पोराटोरांना येणारा अर्थ. त्याने सगळे अर्थ काढले होते आणि हाच त्याला सुचला नव्हता, कारण 'तो' म्हटल्याबरोबर त्याने स्वतःला तिथे नेऊन बसवलं होतं. जन्मभर दुसऱ्यांची सर्वनामं तपासणाऱ्या माणसाने! तो एका दगडावर बसला आणि हसायला लागला, असा की डोळ्यांतून पाणी आलं आणि नवा भरलेला दात थंड हवेने ठणकला.

"काय झालं रे?" कप्तान घाबरून परत आला. "दाढ?"

तो सांगणार नव्हता. असलं काही सांगणाऱ्यांतला तो नव्हताच. पण हसता हसता सांगितलं गेलं, तुकड्या तुकड्यांनी : खुर्ची, कापूस, फोन. तिघं ऐकत उभे राहिले.

"म्हणजे पूर्वीचा जोर," बाई सावकाश म्हणाली, "हे तुला तुझ्याबद्दल वाटलं?"

"हो."

"अरे पण तुझ्यात पूर्वी तरी कुठे होता?"

मग मात्र जंगल दणाणलं. मेहुण्याला झाडाचा आधार घ्यावा लागला. "शाळेत असल्यापासून हा शेवटून पहिला," कप्तान डोळे पुसत म्हणाला. "तुझ्याबद्दल बोलायचं तर मी तुझ्या पाठीमागे बोलेन होय? तोंडावर बोलायची मजा कोण सोडेल? आणि गाढवा, सकाळी कसलं भूत शिरलं होतं अंगात? मी ओरडतोय देखावा बघ, देखावा बघ, तर हा वळायला तयार नाही. माझा जीव जात होता तिथे!"

"माझ्या पोटऱ्या बघ," बाई म्हणाली. "दगड झाल्यात. हळू चाल म्हटलं तर जास्तच पळतो."

"मला वाटलं भाऊजी रागावलेत," मेहुणा म्हणाला. "पिशवी मागितली म्हणून. त्यात पाव होते हो, मला भूक लागली होती."

त्याने तिघांकडे बघितलं. कप्तानाच्या मानेवर घामाने वाळलेली रेघ होती. बाई एका पायावर भार टाकून उभी होती, दुसरा नुसता टेकवून. आपल्या भीतीत तो इतका गुंग होता, की मागून येणाऱ्यांच्या धापा त्याने दिवसभर ऐकल्या आणि एकदाही त्या त्यांच्या असतील असं त्याला वाटलं नव्हतं. शरम वाटली, पण ती हलकी होती, ओल्या मातीचा वास असलेली. ओढ्याच्या कडेने चौघं उतरू लागले. जिथे पाणी पानांखाली जाई तिथे सगळे थांबून कान देत, आणि ज्याला आधी ऐकू येई तो ओरडे. कप्तानाला एका कानाने कमी येत होतं, पण तो सर्वांत आधी ओरडे आणि दर वेळी चुके.

रस्त्याला लागले तेव्हा ऊन कललं होतं. थांब्यावरच्या बाकावर दोन-तीन माणसं बसली होती. चौघांनी उरलेल्या जागेत स्वतःला कोंबलं. "पुढच्या वर्षी पुन्हा इथेच," कप्तानाने जाहीर केलं, "पण उलट्या बाजूने. उतार आधी."

"नाही," मुद्रितशोधक म्हणाला.

तिघांनी वळून बघितलं.

"पुढच्या वर्षी कड्यावरून जायचं. कुरणातून दिसत होता तो. वरून पलीकडची दरी दिसत असणार."

"कड्यावरून? तुझं डोकं फिरलंय."

"भाऊजी, वाट आहे का तिथे?"

"असणार. आणि नसली तर शोधू. दर वर्षी तेच जंगल, तेच कुरण, तोच थर्मास. मी आज कुरणात उभ्या उभ्या बघत होतो. त्या कड्याच्या उजव्या अंगाने—"

"डाव्या," बाई म्हणाली.

"उजव्या! तू नकाशात झाडं नसतात म्हणालीस ना? मग ऐक माझं." त्याचा आवाज चढला होता. बाकावरची माणसं बघायला लागली होती, आणि त्याला ते दिसतही होतं, तरी तो उभा राहिला आणि हवेत बोटाने कडा काढू लागला, मग खिंड, मग खिंडीतून उतरणारी वाट. कप्तान त्याची वाट खोडून दुसरी काढू लागला. मेहुणा दोघांच्या मधून एक तिसरीच सुचवत होता. बाकावरची माणसं उठली. बस आली होती, दार उघडं होतं, माणसं चढली होती, आणि चालकाने वाकून विचारलं, "येताय का?"

"एक मिनिट हो," तो चालकाकडे न बघताच म्हणाला. "तू खिंड कुठे दाखवतोयस? खिंड इथे आहे!"

बसने थोडा वेळ वाट पाहिली. मग दार मिटलं आणि ती निघून गेली. तिचे मागचे दिवे वळणावर दिसेनासे झाले तेव्हा कुठे चौघं गप्प झाले. रस्त्यावर कुणी नव्हतं. गार वाऱ्याने पानांचा एक लोंढा त्यांच्या पायांवर आणून टाकला.

"आता?" बाई म्हणाली.

"आता काय," मुद्रितशोधक म्हणाला आणि रिकाम्या झालेल्या बाकावर ऐसपैस बसला. "दुसरी येईल. कड्यावरून जायचं की नाही, ते आधी बोला."